पंचेचाळिशीत कोलोनोस्कोपी: शहाणपण की नसती उठाठेव?

जर्सीकर: मला ४५ पूर्ण झाली आणि डॉक्टरीणबाईंनी कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघण्याची, चिठ्ठी हातात ठेवली. पोटाची तक्रार नाही, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही. इथे अमेरिकेत २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने ही तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं. मला हे अती वाटतं. पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधल्या २०२२ च्या अभ्यासात ५५ ते ६४ वयाच्या दर ४५५ जणांना कोलोनोस्कोपीला बोलावलं तेव्हा दहा वर्षांत एक कॅन्सर टळला. पंचेचाळिशीत तर धोका आणखी कमी. कशाला दुर्बीण घालून घ्यायची?

मिरजेची_मावशी: अहो, ४५५ ही बोलावलेल्यांची संख्या. प्रत्यक्ष आले शंभरातले ४२च! आमंत्रणं वाटून पंगत मोजू नका. शिवाय पॉलिपचा, म्हणजे आतड्यातल्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला बरेचदा दहाएक वर्षं लागतात. तो वेळीच काढला की विषय संपला. माझा ४६ व्या वर्षी निघाला, भूल उतरल्यावर कळलं. खरा छळ आदल्या रात्रीचा. पोट साफ करायला चार लिटर ते खारट-गुळमट पाणी, आणि रात्रभर संडासाच्या दारात मुक्काम.

नाशिककर: माझ्या मावसभावाला ३८ व्या वर्षी शौचातून रक्त जायचं. वर्षभर मूळव्याध म्हणून चूर्ण आणि मलम. निघाला गुदाशयाचा कॅन्सर. तरुणांची तपासणी हवीच!

जर्सीकर: वाईट वाटलं. पण ते स्क्रीनिंग, म्हणजे तक्रार नसताना करायची तपासणी, नव्हे हो; लक्षण होतं. रक्त दिसलं तर वय न बघता तपासायलाच हवं, त्यावर वाद नाही. आणि ४५ चा नियम असता तरी ३८ चा माणूस त्यात आला नसता.

नाशिककर: हे मान्य. भारतात तर सरकारी तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख एवढेच कॅन्सर आहेत.

मिरजेची_मावशी: तिथे या कॅन्सरचं प्रमाण अमेरिकेपेक्षा खूप कमी, म्हणून इथला नियम उचलून तिकडे लावा असं मीही म्हणणार नाही. पण जर्सीकर, तुम्ही राहता इथे. दुर्बिणीचीच भीती असेल तर दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी करा, घरच्या घरी. पॉझिटिव्ह आली तर मात्र दुर्बीण चुकत नाही.

जर्सीकर: फिटचं पाकीट मागवतो. दुर्बिणीबद्दलचं मत कायम. आता ते पाकीट कुठे ठेवायचं यावर घरात वेगळा धागा सुरू होईल, हिला फ्रिजजवळसुद्धा चालणार नाही.