ड्राइव्ह एक्सल: बूट बदलून भागेल की अख्खा शाफ्ट टाकावा?

मांडवी_दरवाजा

गाव वडोदरा. २०१५ ची वॅगनआर, पेट्रोल, ७८,००० किमी. उजव्या पुढच्या चाकाच्या रिमवर आतून काळं ग्रीस उडालंय आणि ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) चाकाकडच्या जॉइंटवरचं घड्यांचं रबरी आवरण, म्हणजे बाहेरचा बूट, घडीत फाटलाय. सरळ चालताना आवाज नाही. पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कधीमधी हलकी टकटक येते. डाव्या बाजूचे बूट धड आहेत, रबरावर बारीक रेषा दिसतात एवढंच. तीन गॅरेजांत तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो बूट आणि ग्रीस टाका, दुसरा म्हणतो दोन्ही शाफ्ट नवे घाला, तिसरा म्हणतो जुना देऊन रिकंडिशन, म्हणजे दुरुस्त केलेला जुना शाफ्ट, घ्या. काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचा फरक आहे. बूट कधी फाटला ते माहीत नाही, आणि पावसाळ्यात गाडी रोज अलकापुरी गरनाळ्यातून (रेल्वेखालचा रस्ता, तिथे पाणी साचतं) जाते. नक्की काय बघून ठरवायचं?

मकरपुरा_वर्कशॉप

शेवटच्या दोन गोष्टींवरच सगळं ठरतं: टकटक सुरू झाली आहे, आणि फाटक्या बूटात गरनाळ्याचं पाणी गेलं आहे.

बूट फाटला म्हणून जॉइंट लगेच जात नाही. चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं, त्याच वाटेने पाणी आणि बारीक वाळू आत येते, आणि वाळू मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरासारखं खाचा घासायला लागतं. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा गोळ्या, त्यांना जागेवर धरणारा एक केज आणि आतल्या-बाहेरच्या रेसमधल्या (गोळ्या ज्यात फिरतात ती कडी) खाचा असतात. या खाचांवर कडक केलेला पोलादाचा थर असतो. तो थर तुटायला लागला की पुढे कितीही चांगलं ग्रीस भरा, आवाज जात नाही. म्हणून आधी उघडा, मग ठरवा.

उघडण्याआधी एक चाचणी. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून अगदी हळू गोल फिरवा, पुढे आणि रिव्हर्समध्येही. दुसऱ्या माणसाने बाहेर उभं राहून आवाज कोणत्या चाकाकडून येतो ते ऐकावं, आत बसून बाजू चुकते. चाकाच्या फिरण्याच्या तालावर टक-टक-टक येत असेल तर तो बाहेरचा जॉइंट. खड्ड्यातच खटका बसत असेल तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट बघा. वेगाबरोबर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची असते.

आता फाटक्या बूटातलं ग्रीस दोन बोटांत चोळा. गुळगुळीत काळं असेल तर उशीर झालेला नाही. करकरीत लागलं, किंवा उन्हात धरल्यावर चांदीसारखी चमक दिसली, तर ती पोलादाची भुकटी आहे. तपकिरी झालं असेल तर पाणी आणि गंज.

मग जॉइंट पूर्ण धुवून वाळवा आणि एकेक गोळी पुढे आणून खाच बघा. नुसता चकचकीत पट्टा चालतो. नखाला अडकणारा खड्डा, सोललेला थर, केजच्या खिडकीत गोळीने पाडलेली पायरी किंवा तापून आलेला निळा रंग, यातलं एकही असेल तर त्या जॉइंटवर नवा बूट चढवणं म्हणजे मजुरी वाया घालवणं.

टकटक अजून अधूनमधून असली तरी माझा अंदाज जॉइंट बदलण्याकडे आहे. डाव्या बाजूला हात लावू नका. रबरावरच्या रेषा दर सर्व्हिसला घड्या ताणून बघा, चीर आरपार दिसली की त्याच आठवड्यात बूट बदला. जोडीने दोन्ही शाफ्ट बदलण्याचं काही कारण नाही, हे ब्रेक पॅड नाहीत.

रावपुरा_ग्रीस

वरच्याशी सहमत. रिकंडिशनबद्दल मात्र मोकळेपणाने बोलायला हवं, कारण तिथेच लोक फसतात.

गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून खाच मधल्या भागात जास्त झिजते आणि टोकांना कमी. रिकंडिशनवाले पुष्कळदा जरा मोठ्या मापाच्या गोळ्या घालतात. हातात घेतल्यावर शाफ्ट घट्ट लागतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर त्या गोळ्या टोकाच्या न झिजलेल्या खाचेत जातात आणि तिथे जॉइंट आवळतो, तापतो. खाच घासून सारखी केली असेल तर कडक थरच पातळ होतो आणि मऊ पोलाद लवकर खचतं. त्यापेक्षा ओळखीच्या कंपनीचा नवा बाहेरचा जॉइंट घ्या. तो बूट, ग्रीस, क्लॅम्प आणि नटासकट किटमध्ये मिळतो. आतला जॉइंटही सैल असेल तरच अख्खा शाफ्ट परवडतो.

आतला जॉइंट, म्हणजे कपात सरकणारा तीन रोलरचा ट्रायपॉड, असा तपासा: एक्सप्रेसवेवर ८० च्या वेगात अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढताच थरथर थांबते, तर रोलरने कपाला खाचा पाडल्या आहेत. पाय काढूनही कायम राहिली तर आधी व्हील बॅलन्सिंग करा. गिअर बदलताना एकच धक्का येत असेल तर इंजिन माउंटही बघा. शाफ्ट आतबाहेर थोडा सरकतो तो दोष नाही, ट्रायपॉडची रचनाच तशी आहे.

नवा भाग जुन्याशेजारी ठेवून बाहेरच्या आणि आतल्या दातांची संख्या, लांबी आणि एबीएसची रिंग असेल तर तिचे दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

मांडवी_दरवाजा

ग्रीस बोटात चोळून बघितलं, करकरतं आहे आणि किंचित तपकिरी. म्हणजे जॉइंट गेला असं धरतो. आता काढताना काय बिघडू शकतं? गिअरबॉक्सचं ऑइल सांडेल का? आणि शाफ्ट न काढता बसवायचे, उभी चीर असलेले चिकटवायचे बूट मिळतात, ते डाव्या बाजूला आधीच लावून ठेवू का?

मकरपुरा_वर्कशॉप

चिकटवायचे बूट नकोत. जोड तेलकट रबरावर टिकत नाही आणि तो सुटला की कळतही नाही.

काढताना एक्सल नट गाडी जमिनीवर असताना, कोणाला तरी ब्रेक दाबायला लावून ढिला करा. आधी त्याची ठोकलेली कड सरळ करा किंवा स्प्लिट पिन काढा. मग जॅक, घोडी, चाक बाहेर, खालचा बॉल जॉइंट नकलमधून (चाकाचा हब धरणारा भाग) सोडवा. शाफ्टच्या टोकावर हातोडा सरळ मारू नका, नट काठापर्यंत उलटा चढवून मध्ये लाकूड किंवा पितळ धरा. आणि शाफ्ट धरून ओढू नका, आतला ट्रायपॉड कपातून सुटतो. कपाच्या काठाशी पहारीने उचकटून बाहेर घ्या.

हो, ऑइल सांडतं. गिअर ऑइल आधीच काढून घ्या, नाहीतर खाली ट्रे ठेवा. शाफ्ट बाहेर असताना ऑइल सील बदलाच. स्वस्त आहे, आणि शाफ्टचे दात घासून त्याची कड कापली की सगळं काम पुन्हा करावं लागतं. शेवटी मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल लेव्हल प्लगच्या भोकाच्या काठापर्यंत भरा.

बऱ्याच सुझुकी गाड्यांत बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून सोडवायचा नसतो, बाहेरचा बूट आतल्या बाजूने ट्रायपॉड काढून चढवतात. तुमचा तसा निघाला तर ठोकाठोकी करू नका, अख्खा शाफ्टच घ्या. बूटपुरतं काम असेल तेव्हा ट्रायपॉड काढण्याआधी रंगाने खूण करा, पंचने नव्हे, आणि त्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते लक्षात ठेवा.

रावपुरा_ग्रीस

ग्रीसचं पाकीट किटमधलंच वापरा. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस लागतं, आतल्याचं पुष्कळदा वेगळं असतं, दोन्ही मिसळू नका. डब्यातलं साधं चासिस ग्रीस गोळ्यांखालच्या दाबाला टिकत नाही. छोट्या गाडीच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १०० ग्रॅम बसतं. निम्मं अंगठ्याने खाचांत दाबा, उरलेलं बूटमध्ये. छोटा क्लॅम्प आवळण्याआधी बूटाच्या ओठाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडा, नाहीतर बूट फुगून घडी आर्मला घासते. केबल टाय लावणाऱ्याला थांबवा.

आणि एक गोष्ट गॅरेजमध्ये हमखास चुकते: नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकावर ढकलू नका, सैल हबवर वजन आलं की नवं बेअरिंगसुद्धा खराब होतं. नट नवाच वापरा. छोट्या गाड्यांत तो १७५ ते २५० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात आवळतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, टॉर्क पान्ह्याने आवळा आणि मगच कड खाचेत ठोका.