सतरा वर्षांच्या मुलावर 'प्रौढ म्हणून खटला' म्हणजे नेमकं काय?

जिज्ञासू_वाचक
बातम्यांत हे वाक्य सतत येतं. मग अठराची मर्यादा उरली कशाला? आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याआधी काय होतं?

जुनी_पानं
अठराची मर्यादा वाटते तेवढी जुनी नाही. सुरुवात १८५० च्या अप्रेंटिसेस ॲक्टपासून धरतात. पुढे १८७६ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट, मग मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) इथले बाल कायदे आले. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात मुलगी १८ पर्यंत बालक, मुलगा मात्र १६ पर्यंतच. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा तेव्हा सरळ मोठ्यांच्या कोर्टात उभा राहायचा. २००० मध्ये दोघांना १८ झालं आणि विशेष गृहात (दोषी मुलांना ठेवायचं सुधारगृह) जास्तीत जास्त तीन वर्षं. डिसेंबर २०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर (एक आरोपी सतरा वर्षांचा होता) वाद पेटला तो या तीन वर्षांवरून. '२०१५ ने वय १६ वर आणलं' हे सर्रास लिहितात, ते चूक आहे. मर्यादा १८ च राहिली, फक्त १६ ते १८ साठी प्रौढ म्हणून खटल्याचा एक फाटा काढला.

कलमबहाद्दर
तो फाटा म्हणजे कलम १५, आणि तो फक्त 'घोर' गुन्ह्यांना लागतो, ज्यांत किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे. कमाल सातच्या वर पण किमान सात नाही, असे गुन्हे त्यात बसत नाहीत (सर्वोच्च न्यायालय, २०२०). पोलिसांच्या कागदावर 'घोर' लिहिलंय म्हणून वकिलानं गप्प बसू नये, कलमातली किमान शिक्षा आधी वाचावी.

मुलाचं प्रकरण आधी बाल न्याय मंडळापुढे येतं. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक तरी स्त्री. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं: शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज, गुन्ह्याची परिस्थिती. गुन्हा केला की नाही, हा इथे प्रश्नच नसतो. बऱ्याच आदेशांत नेमकी हीच गल्लत दिसते. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञ बोलावणं बंधनकारक (२०२२ चा निकाल).

मंडळानं प्रकरण बाल न्यायालयात (मुलांचे असे खटले चालवणारं न्यायालय) पाठवलं तरी प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे कलम १९ नुसार ते न्यायालय पुन्हा स्वतः ठरवतं. प्रौढ म्हणून दोषी ठरला तरी २१ पर्यंत तुरुंग नाही. फाशी नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही नाही.

दाखला_तपासा
खरी लढाई वयावर होते. गुन्ह्याच्या दिवशीचं वय मोजतात, अटकेच्या दिवसाचं नाही. कलम ९४ चा क्रम: शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा मॅट्रिकचं, ते नसेल तर नगरपालिका/ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. लोक शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जातात. २०२३ च्या निकालानुसार तेवढा पुरत नाही. हाडांच्या चाचणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात, म्हणून तिच्यावर विसंबू नका. बालकत्वाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो, अगदी अंतिम निकालानंतरही.

जिज्ञासू_वाचक
दोषी ठरला तर पुढे नोकरीत आड येतं?

कलमबहाद्दर
कलम २४ प्रमाणे नाही. अपवाद एकच: ज्याला बाल न्यायालयानं प्रौढ म्हणून दोषी ठरवलंय.