मुलाला कॉम्प्युटरवर ठरावीकच प्रोग्राम उघडता यावेत, कसं करायचं?

मुलगा ९ वर्षांचा आहे, घरी विंडोज ११ चा एकच पीसी. त्याला फक्त पेंट, वर्ड आणि टायपिंगचा प्रोग्राम द्यायचाय, बाकी काही उघडूच नये. पासवर्ड टाकून होईल का?

उत्तर १:
आधी त्याचं वेगळं अकाउंट काढा, स्टँडर्ड युजर (मर्यादित अधिकारांचं), अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेलं) अजिबात नको. मग मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये त्याला जोडा, तिथे एकेक अ‍ॅप ब्लॉक करता येतं, वेळ पण ठरवता येते. फुकट आहे.

उत्तर २:
पण नुसत्या स्टँडर्ड अकाउंटवर विसंबू नका हां, बरेच गेम इन्स्टॉलच करावे लागत नाहीत, डाउनलोड्समधल्या फाइलवर डबल क्लिक केलं की चालू, अ‍ॅडमिनचा पासवर्ड विचारतच नाही. आणि फॅमिली सेफ्टीचं वेबसाइटचं फिल्टर फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून दुसरे ब्राउझर ब्लॉकच ठेवा.

प्रश्नकर्ता:
अरे हो, डाउनलोड्सचं लक्षातच नव्हतं आलं. आजच करतो.

उत्तर ३:
करा, पण त्याला आधी सांगून करा. काय बंद केलंय आणि का ते कळलं की मुलं पळवाटा कमी शोधतात, आणि काही हवं असेल तर सरळ येऊन मागतात. फॅमिली सेफ्टीत परवानगीची रिक्वेस्ट पाठवायची सोय आहे, ती त्याला दाखवून ठेवा.