प्रोबेटच्या वकिलांचे बिल आणि कामातील दिरंगाई : आक्षेप कसा घ्यावा?

प्रश्न

मावशीने मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) नेमले होते. प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचे, काम वकिलांकडे सोपवून १४ महिने झाले. सुरुवातीला तोंडी सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट बिल आता आले असून, त्यातील निम्मी रक्कम ‘पत्रव्यवहार व चर्चा’ या एकाच ओळीखाली दाखवली आहे. साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र जोडायचे राहिल्यामुळे अर्ज त्रुटी काढून परत आला होता. तो पुन्हा दाखल करण्याची फीसुद्धा आमच्याच माथी मारली आहे. फोन केला की दर वेळी वेगळा सहायक बोलतो आणि मला मावशीच्या मृत्यूच्या तारखेपासून सगळे पुन्हा सांगावे लागते. इतर वारस जाब मलाच विचारतात. बिल अडवले तर काम थांबेल, अशी भीती वाटते.

उत्तर १

मी बरीच वर्षे वकिलांच्या कार्यालयात बिले तयार करण्याचे काम केले आहे. तुमच्या तक्रारी दोन आहेत, फीची आणि कामाची. त्या एकाच पत्रात मिसळल्यात तर उत्तर फक्त सोयीच्या तक्रारीचे मिळेल. प्रथम कोर्ट फी, मूल्यांकन, जाहीर नोटीस हे खर्च बाजूला काढा, कारण ते वकिलांच्या खिशात जात नाहीत. उरलेल्या रकमेचा तारीखवार तपशील लेखी मागा: काम कोणी केले, किती वेळ लागला, दर कोणता. तासावर आकारणी असेल तर अनेक ठिकाणी तासाचे सहा-सहा मिनिटांचे दहा भाग धरतात, त्यामुळे दोन मिनिटांचा फोनही सहा मिनिटांचा होतो. प्रतिज्ञापत्राची चूक त्यांची असल्यास ती फी वगळण्याची मागणी अगदी रास्त आहे. दिरंगाईबाबत मात्र थोडे सबुरीने घ्यावे. हरकतींची मुदत आणि न्यायालयातील खोळंबा त्यांच्या हातात नसतो.

उत्तर २

मी मध्यावर वकील बदलले होते. तो अधिकार अशिलाला असतोच, पण नव्या वकिलांनी संपूर्ण फाईल वाचण्याची फी लावली आणि जुन्यांकडून कागदपत्रे मिळवण्यात काही आठवडे गेले. अर्ज अंतिम टप्प्यात असेल तर मी तरी बदलणार नाही. मूळ मृत्युपत्र कुठे आहे, न्यायालयात की त्यांच्या कपाटात, एवढे मात्र आजच विचारून घ्या.

उत्तर ३

एक्झिक्युटर म्हणून केलेला वाजवी खर्च सहसा मृत व्यक्तीच्या मालमत्तेतूनच भागवला जातो, त्यामुळे हे बिल तपासणे हे वारसांप्रती तुमचे कर्तव्यच आहे, यात संकोच कशाचा? मान्य असलेली रक्कम ‘उर्वरित रकमेबाबतचा आक्षेप कायम ठेवून’ असे लेखी नमूद करून द्यावी आणि पत्राची प्रत वारसांना पाठवावी. कार्यालयातील ज्येष्ठ वकिलांकडून समाधान झाले नाही तरच वकिलांच्या नियामक संस्थेकडे जावे. तेथे गैरवर्तनाची दखल घेतली जाते. फी कमी करून मिळण्याचा मार्ग अनेकदा वेगळा असतो, तो आधी विचारून घ्यावा.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा असल्याचे आज कळले. दोन स्वतंत्र पत्रे लिहिली आहेत; फीचे पत्र उद्या पोचपावतीसह देईन. कामाविषयीच्या पत्रात एकच मागणी ठेवली आहे: यापुढे माझ्याशी एकाच व्यक्तीने बोलावे.