ऑरेंज जायंट : नारिंगी राक्षसी, तांबडा राक्षसी की केशरी महाकाय?

निशाचर
आकाशदर्शनाच्या पुस्तिकेसाठी रोहिणीवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत करतेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. त्यात रोहिणीला 'ऑरेंज जायंट' म्हटलंय. मी 'नारिंगी राक्षसी तारा' लिहिलं तर मजकूर तपासणाऱ्या काकांनी नारिंगी खोडून 'तांबडा' केलं, म्हणे मराठीत तोच रूढ शब्द आहे. पण पुढे पृष्ठभागाचं तापमान साधारण ३९०० केल्विन, व्यास सूर्याच्या ४४ पट, अंतर ६५ प्रकाशवर्षं असं सगळं देऊन 'के वर्गाचा म्हणून नारिंगी' असं स्पष्ट लिहिलंय. काय ठेवू?

जुनी वही
काकांचं बरोबर आहे. आम्ही शाळेपासून तांबडा राक्षसीच वाचत आलोय. आणि अहो नावातच आहे की, रोहित म्हणजे लाल, त्याचं स्त्रीलिंग रोहिणी. तैत्तिरीय संहितेच्या नक्षत्रयादीत तर ज्येष्ठेलाही रोहिणीच म्हटलंय, तीही लालच दिसते. नाव ठेवणाऱ्यांनी डोळ्यांनी बघूनच ठेवलं ना?

ध्रुवमत्स्य
नाव वेगळं, वर्ग वेगळा. तांबडा राक्षसी ही ताऱ्याची अवस्था आहे, गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा फुगत जातो आणि पृष्ठभाग गार होतो. रोहिणी त्या अवस्थेत आहेच. पण वर्णपटाच्या वर्गात, म्हणजे तापमानानुसार केलेल्या वर्गवारीत, के म्हणजे नारिंगी आणि एम म्हणजे तांबडा, रोहिणी के ५, म्हणजे वेशीजवळ. स्वाती तर ४३०० केल्विनच्या आसपास, तिला तांबडी म्हणवत नाही. अवस्था आणि रंगाचा वर्ग दोन्हीला एकच शब्द वापरलात तर हा फरक वाचकाला कळणारच नाही, म्हणून नारिंगीच ठेवा.

शब्दवेल्हाळ
मग केशरी का नको? कानाला किती बरं लागतं. नारिंगी म्हटलं की मला इंग्रजीवरून ओढून आणल्यासारखं वाटतं.

पायरव
उलट आहे! संस्कृत नारंग फारसीत गेला, तिथून अरबी, मग स्पॅनिश आणि फिरत फिरत इंग्रजी ऑरेंज झाला. म्हणजे शब्द आपल्याकडूनच गेलाय. केशरी म्हणजे मला पिवळ्याकडे झुकणारा वाटतो.

शब्दवेल्हाळ
केशरी पिवळ्याकडे? अजिबात नाही, आमच्या घरात केशरी म्हणजे गडदच.

निशाचर
रंग प्रत्यक्षात बघून ठरवावा का? मला नुसत्या डोळ्यांना फिकट तांबूस वाटतो.

ध्रुवमत्स्य
नुसत्या डोळ्यांना फिकाच वाटणार, अंधारात आपल्याला रंग नीट कळत नाहीत. दुर्बिणीतून बघा आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, ठिपक्याची चकती होते आणि रंग एकदम कळतो. शेजारच्या कृत्तिका निळसर पांढऱ्या आहेत, लगेच त्यांच्याकडे वळलात तर फरक अजून उठून दिसतो. मी पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ दुर्बीण खाली ठेववत नव्हती.

आईचं मत
मला राक्षसीच खटकतं. माझ्या मुलीने विचारलं होतं, तो तारा वाईट आहे का? महाकाय म्हणा ना.

जुनी वही
मग सुपरजायंटला काय म्हणणार, महामहाकाय? राक्षसी, महाराक्षसी आणि दुसऱ्या टोकाला श्वेत बटू, ही जोडी छान जमलीय, मोडू नका. मुलांना राक्षस आवडतातच.

पायरव
शिवाय 'राक्षसी तारा' वाचताना ती राक्षसीण आहे असं वाटतं हा वेगळाच घोळ. तो तारा, पण ती रोहिणी. 'रोहिणी हा नारिंगी तारा' वाचताना जीभ अडखळते.

शब्दवेल्हाळ
म्हणूनच तारका म्हणावं, लिंगाचा प्रश्नच मिटतो.

जुनी वही
तारका म्हटलं की सिनेमाच आठवतो हल्ली.

निशाचर
मंडळी, पुस्तिका छापायला जायचीय, नारिंगी की तांबडा तेवढं सांगा ना. आणि अजून एक, मजकुरात रोहिणी त्या व्ही आकाराच्या तारकापुंजाच्या टोकाला आहे असंय, त्याला रोहिणीचा शकट लिहिलं तर चालेल?

पायरव
शकट जुनाच शब्द आहे, रोहिणीशकटभेद, म्हणजे ग्रहाचं त्या शकटातून जाणं, ऐकलं नाही का? लिहा बिनधास्त. पण आजच्या वाचकाला गाडा जास्त कळेल.

ध्रुवमत्स्य
शकट लिहा, फक्त रोहिणी त्या पुंजातली आहे असं लिहू नका. पुंज जवळजवळ १५० प्रकाशवर्षांवर आहे, रोहिणी त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, नुसती एका रेषेत येते.

जुनी वही
गाडा नको हो. गाडा ओझ्याचा असतो, शकट म्हणजे रथासारखा.

पायरव
शकट म्हणजे रथ? कुठल्या कोशात?