शब्दचर्चा: ‘हॅलो’ आला कुठून आणि वापरायचा कसा?

ग्रॅहॅम बेलच्या मैत्रिणीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, त्यानं पहिला फोन तिला केला, म्हणून जग ‘हॅलो’ म्हणतं, असं ढकलपत्र पुन्हा फिरतंय. यात तथ्य किती? आणि इंग्रजी मेलची सुरुवात ‘हॅलो’ने केलेली चालते का?

*

तथ्य शून्य. 10 मार्च 1876 रोजी बोस्टनमध्ये तारेवरून गेलेलं बेलचं पहिलं वाक्य त्याच्या साहाय्यकासाठी होतं: ‘मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.’ त्यात ना हॅलो, ना मैत्रीण. बेलचं लग्न जुलै 1877 मध्ये मेबल हबर्डशी झालं. लहानपणी आलेल्या तापामुळे तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिला फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे बेलला हा शब्द पसंतही नव्हता. फोनवर ‘अहॉय’ म्हणावं, असा त्याचा आग्रह. खलाशी एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला हाक मारतात ती ही आरोळी.

*

‘हॅलो’चा पुरस्कार केला एडिसननं. 15 ऑगस्ट 1877 रोजी त्यानं पिट्सबर्गच्या टेलिग्राफ कंपनीचे अध्यक्ष टी. बी. ए. डेव्हिड यांना चार ओळींचं पत्र धाडलं: मला वाटतं घंटीची गरज पडणार नाही, कारण ‘हॅलो’ 10 ते 20 फुटांवरून ऐकू येतो; तुमचं काय मत?

तेव्हाची अडचण समजली की या पत्राचा अर्थ लागतो. फोन म्हणजे दोन कचेऱ्यांना जोडणारी, कायम चालू असलेली तार. नंबर नाही, घंटी नाही. पलीकडचा माणूस यंत्रापासून दूर बसलेला असला तर त्याला बोलवायचं कसं? म्हणजे ‘हॅलो’ मुळात अभिवादन नव्हे, घंटीच्या जागची हाक होती. पुढे घंटी आली आणि हाकेचं काम संपलं. शब्द मात्र टिकला, फक्त बाजू बदलून: हाक मारणाऱ्याऐवजी फोन उचलणारा ‘हॅलो’ म्हणू लागला. 1880 च्या दशकात तर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींना ‘हॅलो गर्ल्स’च म्हणत.

*

वरच्या प्रतिसादाला पुरवणी: एडिसननं शब्द घडवला नाही, आधी होता तोच उचलला. 1820 च्या दशकातल्या अमेरिकी छापील मजकुरात तो सापडतो, आणि त्याची ‘हॉला’, ‘हलू’ ही भावंडं त्याहून कितीतरी जुनी. शिकारी कुत्र्यांना चेतवायला किंवा लांबच्या माणसाचं लक्ष वेधायला ती वापरत. या सगळ्या रूपांत पहिला स्वर डळमळीत आणि शेवट लांबवता येण्याजोगा. आरोळीत आवाज फेकला जातो तो शेवटच्या स्वरावर. उच्चारातही जोर ‘लो’वर येतो. आपण बरेचदा ‘हॅ’वर देतो.

जुना दुसरा अर्थ आश्चर्याचा. ‘हॅलो, व्हॉट्स धिस?’ म्हणजे ‘अरेच्चा, हे काय?’ ब्रिटिश इंग्रजीत तो अजून ऐकू येतो.

अवांतर: शब्दात ‘हेल’, म्हणजे नरक, दिसतो म्हणून टेक्सासमधल्या क्लेबर्ग काउंटीनं 1997 मध्ये ‘हेवन-ओ’ हे अधिकृत अभिवादन ठरवलं होतं! व्युत्पत्तीच्या दृष्टीनं ही वडाची साल पिंपळाला.

*

मेलचं उत्तर राहिलंच. चालतं. नोकरीचा अर्ज किंवा औपचारिक पत्र असेल तर ‘डिअर’, रोजच्या ओळखीत ‘हाय’, आणि मधल्या सगळ्या जागी ‘हॅलो’. व्याकरण काटेकोर पाळायचं तर ‘हॅलो’नंतर आणि नावानंतर असे दोन स्वल्पविराम हवेत, पण मेलमध्ये फक्त नावानंतरचा देणं आता सर्रास चालतं.

चुका होतात त्या दुसरीकडे. ‘आईला नमस्कार सांगा’चं ‘टेल हॅलो टू युअर मदर’ करू नका. तिथे क्रियापद ‘से’. आणि ‘से हॅलो’नंतर ‘टू’ गाळू नका. आपला नमस्कार येतानाही चालतो, निघतानाही. हॅलो फक्त येताना. निरोपाला तो म्हटलात तर समोरचा गोंधळेल. ‘गुड ईव्हनिंग’चंही असंच: ते भेटताना, ‘गुड नाइट’ निघताना.

सुराकडे लक्ष द्या. शेवट चढता असेल तर ‘कुणी आहे का?’ किंवा ‘आवाज येतोय का?’ उतरता असेल तर साधं अभिवादन. ‘लो’ खेचून, हेल काढून म्हटलं की ‘अहो, एवढंही कळत नाही का?’ हा तिसरा प्रकार वरिष्ठांसमोर टाळावा हे बरं.

*

स्पेलिंगबद्दल एक. ‘एच’नंतर ई, ए आणि यू अशी तिन्ही रूपं छापलेली दिसतात आणि तिन्ही बरोबर आहेत. आज लिहिताना ई घ्या. ए आणि यूवाली रूपं मुख्यतः जुन्या ब्रिटिश कथा-कादंबऱ्यांत भेटतात. ती छपाईची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका. अनेकवचनाला नुसता एस लावा, ‘पोटॅटो’सारखा ईएस नको.