मदत हवी आहे: डबल मार्करमध्ये पॅप-ए कमी, ॲस्पिरिन घ्यावी का?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. पहिलटकरीण, वय ३१, तेरावा आठवडा. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी) नॉर्मल, डबल मार्करच्या रक्ततपासणीत डाऊन सिंड्रोमसाठी 'लो रिस्क', पण पॅप-ए ०.३१ एमओएम, म्हणजे या आठवड्यांतल्या मधल्या आकड्याच्या ०.३१ पट. "वारेचं प्रोटीन आहे" एवढंच सांगून डॉक्टरांनी रोज रात्री ॲस्पिरिन १५० लिहून दिली. बाहेर ही गर्दी, त्यामुळे हिनेही पुढे काही विचारलं नाही.

घरी आता दोन पक्ष पडलेत. सासूबाईंनी 'प्रोटीन कमी' एवढंच ऐकलं नि सकाळी पनीर, दुपारी उसळ, रात्री दुधातून पावडर असा मारा सुरू. बिचारीला आधीच उलट्या. सासरे म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी गरोदर बाईला कशाला? पाकीट अजून फोडलेलं नाही.

खाण्याने हे वाढतं का? बाळात काही दोष असेल का? आणि गोळी आत्ता घ्यायची की दुसरं मत घेईपर्यंत थांबायचं?

कोरा चहा:
ताई, मी डॉक्टर नाही, पेशीशास्त्र शिकवतो. पनीरने पॅप-ए वाढत नाही, ते वार स्वतः बनवते. आयजीएफ हा वाढीचा घटक दुसऱ्या एका प्रोटीनने धरून ठेवलेला असतो. पॅप-ए ती पकड कापतं, मग आयजीएफ मोकळं होऊन वारेच्या पेशींना वाढायला मदत करतं. याच पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या नागमोडी रोहिण्या रुंद करतात. ते काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं आणि ती एसएफएलटी-१ नावाचं प्रोटीन आईच्या रक्तात जास्त सोडू लागते. रक्तवाहिन्या धड ठेवणाऱ्या पीएलजीएफला ते अडकवून ठेवतं. मग बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं. हाच प्रीएक्लॅम्पसिया.

(विषयांतर: वारेचा बाहेरचा थर पेशी एकमेकींत मिसळून बनतो. ते घडवणारं सिन्सिटिन हे प्रोटीन आपल्या पूर्वजांच्या डीएनएत घुसलेल्या विषाणूकडून आलंय!)

प्रसूतितज्ज्ञ_पुणे:
वरचं बरोबर आहे. पॅप-ए कमी असूनही बहुतेकींचं सगळं सुरळीत होतं. गुणसूत्रांचा धोका कमी आलाय, तेव्हा हा आकडा म्हणजे बाळातला दोष नव्हे. वारेवर लक्ष ठेवायची सूचना आहे.

गोळीबद्दल: २०१७च्या ॲस्प्री चाचणीत जास्त धोक्याच्या १७७६ स्त्रिया होत्या. ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्पसिया नुसत्या दिखाऊ गोळीवर ४.३ टक्के, तर ॲस्पिरिन १५० वर १.६ टक्के. गोळी १६ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी, म्हणून दुसरं मत घ्यायचं तर याच आठवड्यात घ्या. अल्सर, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. साधारण ३६ आठवड्यांपर्यंत चालते. बंद कधी करायची ते त्याच ठरवतील. बाळाच्या वाढीचे स्कॅन मात्र चुकवू नका.

धागाकर्ती:
खूप आभार! डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, तिला यातलं काहीच नाही. आज रात्री जेवणानंतर सुरू करतेय. बीपीचं मशीन घरी आणलंय, किती आल्यावर कळवायचं?

प्रसूतितज्ज्ञ_पुणे:
पाच मिनिटं शांत बसून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून मोजा. १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी कळवा. १६०/११० असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. पुढच्या महिन्यांत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं यांपैकी काहीही झालं तर मशीन काय दाखवतंय याची वाट बघू नका.